कुलपातला चष्मा

दवाखान्याच्या गच्चीवर ड्रोन औषधं टाकून जात, खाटा आपोआप वरखाली होत. मग कळ विसरायला लावणारा चष्मा तेवढा कुलपात का? मैनाला हे कोडं सुटत नव्हतं. गुऱ्हाळात काहिलीतला (मोठ्या कढईतला) उकळता उसाचा रस तिच्या पायावर सांडला होता. रोज सकाळी पट्टी बदलायची. जुनी पट्टी सुटताना जीवच सोलून निघतोय असं वाटे, आणि मैना ओरडे, घसा फुटेस्तोवर ओरडे.

"आजोबा, त्या चष्म्यानं खरंच दुखत नाही?"

खाटेजवळ बसलेल्या तिच्या आजोबांनी प्रयोगशाळेत असलेच चष्मे घडवण्यात उभी हयात घातली होती. "दुखतं गं. पण जखम पायात असली तरी कळ कळते ती मेंदूला. चष्मा दाखवतो आभासी जग (यंत्रानं डोळ्यांपुढे उभं केलेलं, खरं वाटणारं चित्र). मेंदू तिकडं रमला की कळीकडं त्याचं लक्ष कमी जातं."

"मग मला द्या की!"

पट्टीचं तबक घेऊन आलेल्या शेवंता सिस्टर जागीच थबकल्या. "नको गं बाई. दसऱ्यानंतर एका पोरीला लावला, तर ती ओकली आणि खाटेवरून खाली पडली. तेव्हापासून कुलूप."

"बघू तरी," आजोबा म्हणाले.

कपाट उघडलं. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर चष्म्याचीही पूजा झाली होती. हळदकुंकवाची बोटं नेमकी त्याच्या पुढच्या काळ्या टिकल्यांवर उमटली होती.

"हे त्याचे डोळे," आजोबांचा आवाज खोल गेला. "खोलीकडं बघून ते ओळखतात, डोकं कुठं वळलं. मग चित्रही तसंच वळतं. हळदकुंकवानं हे डोळे झाकले, चित्र भरकटलं. आपल्या कानात तोलाची नळी (आतल्या पाण्याच्या हालचालीवरून तोल सांगणारा अवयव) असते. ती म्हणते, मी थांबलेय. आपले डोळे म्हणतात, आम्ही फिरतोय. दोघांचं भांडण लागलं की माणसाला मळमळतं."

त्यांनी त्या टिकल्या पुसल्या, चष्मा स्वतः लावून मान फिरवली. "ठीक आहे आता."

मैनाचा चेहरा उजळला. सिस्टरचा मात्र पडला.

"आजोबा, हा चालवायला शिकलेली सिस्टर बदली होऊन गेली. चष्म्यातून सूचना देणारी बाई कुठल्या परक्या भाषेत बोलते. परत एखादं पोर पडलं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

आजोबा मटकन स्टुलावर बसले. "आम्ही काच घासली, वजन घटवलं. हात लावायला भिणारं माणूस काही आमच्या ध्यानात आलं नाही."

पट्टी सुटली. चष्म्याविना सुटली. मैनानं आजोबांचा हात करकचून धरला, तिची किंकाळी भिंतीभिंतीवर आपटली, आणि मग आवाजच उरला नाही. तिनं तोंड फिरवलं.

सिस्टरनी तबक ठेवलं. "आजोबा, आधी मलाच लावा. मला कळल्याशिवाय हिला कसा लावू?"

आजोबांनी पट्टा बसवला. सिस्टर दचकल्या. मग हळूच त्यांनी हवेत हात पुढं केला.

बऱ्याच वेळानं खाटेवरून घोगरा आवाज आला, "काय दिसतंय?"

"हत्ती गं, मैना. नदीत डुंबतायत. एक पिल्लू माझ्याकडंच येतंय."

मैनानं तोंड पुन्हा इकडं वळवलं.

"केवढं आहे पिल्लू?"