डीटहेल्मचा उजवा हात

मोझेल नदीकाठच्या किल्ल्यावर शल्यवैद्य ओर्टविन पोचला, तेव्हा मुदपाकखान्यात कोबी करपत होता आणि तो ढवळणारी बाई तळघरात कोंडलेली होती.

किल्लेदार एबरहार्टच्या धाकट्या भावाला, डीटहेल्मला, कुणीतरी पाठीत सुरी खुपसून मारलं होतं. सुरी मुदपाकखान्यातली, म्हणून आळ स्वयंपाकीण गेर्लिंडवर.

ओर्टविनने जखमेत सळई घालून पाहिली. "वार वरून खाली आलाय, सरकार. गेर्लिंड तर यांच्या खांद्यालाही पोचत नाही."

"स्टुलावर चढली असेल," किल्लेदार म्हणाला.

"आणि हे तोवर पाठ करून उभे राहिले?"

"वैद्यबुवा, तुम्हाला हात कापायला बोलावलंय. जीभ चालवायला नाही."

तिथला रिवाजच तसा होता. न्यायसभा पंधरा दिवसांनी, आणि प्रेत तोवर टिकायचं नाही. म्हणून मयताचा उजवा हात मनगटातून कापून ठेवायचा. आरोपीने सभेत त्यावर बोट ठेवायचं. रक्त आलं तर फास.

ओर्टविनचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण सभेतल्या शेकोटीची ऊब लागली की मेलेल्या मांसाला पाणी सुटतं आणि पंचांना ते रक्तच दिसतं, हे त्याने दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा बाई लटकली. म्हणून या खेपेला त्याने हात पिळून कोरडा केला, मिठात दडपला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात बांधली. उरलेल्या डीटहेल्मला पुरलं तेव्हा तो नाक दाबून उभाच होता.

सभेच्या सकाळी त्याने पेटी उघडली.

मीठ एका कडेला सारलेलं होतं. कापलेल्या टोकावर बारीक लाल दाणे धरले होते. असे दाणे त्याने शेकडो जखमांवर पाहिले होते. जखम भरू लागली की येतात. जिवंत माणसाची.

नुसतं नख लागलं तरी त्यांतून रक्त येतं.

बोलावं, तर चेटूक म्हणून बाईला फासाऐवजी चितेवर चढवतील. त्याने टोकाला घट्ट फडकं गुंडाळलं आणि पेटी सभेत नेली.

"तळव्यावर ठेव," तो गेर्लिंडच्या कानाशी पुटपुटला. "फडक्याकडे जाऊ नकोस."

तिने बोट ठेवलं.

पाचही बोटं हळूच तिच्या बोटाभोवती मिटली. तिच्या रुंद पंजाआड ते फक्त त्या दोघांना दिसलं.

"वैद्यबुवा, हात ऊन लागतोय हो."

"गप्प."

बोटं सुटली. रक्त नव्हतं. पंचांनी तिला मोकळं केलं.

"आता फिर्यादीनेही हात लावावा," सर्वांत म्हातारा पंच म्हणाला.

"मला गार वस्तू सोसत नाही." किल्लेदार हातमोजे चढवू लागला.

"गार नाहीये, सरकार," गेर्लिंड म्हणाली.

सभेत कुणी हसलं नाही. किल्लेदार उठून गेला, तो घोडाही न मागवता.

हात मयताशेजारी पुरावा, असा हुकूम झाला. ओर्टविनने नुसत्या मिठाची पेटी पुरली. भरत असलेली जखम मातीत घालणं त्याच्या हातून झालं नाही. हात त्याने घरी आणला.

दर तिसऱ्या दिवशी तो पट्टी बदलतो. पहिल्यांदा वीतभर पुरायची. या महिन्यात कोपरापर्यंत न्यावी लागते.