रोमच्या कपाटात इराणचा राजा

"रोम माझं. मी कालच सांगून ठेवलंय," दादा म्हणाला.

"काल रोम, परवाही रोम! आज मुकाट्याने मंगोल घे आणि घोड्यावरून उतरू नकोस," चष्मिसने फर्मावलं.

चष्मिसची आई, म्हणजे दादा आणि भिंगरीची आत्या, संग्रहालयात कामाला होती. जुन्या वस्तू पुसायच्या, जोडायच्या, जिवापाड जपायच्या, हे तिचं काम. सुट्टी लागली की ही तीन शेपटं तिच्यामागे संग्रहालयात हजर. उद्या तिथे जगातल्या साम्राज्यांचं प्रदर्शन उघडणार होतं. मोठ्या दालनात एकेका साम्राज्याचं एकेक काचेचं कपाट मांडलं होतं, आणि पोरांनी ती साम्राज्यं आपापसांत वाटून लढाया सुरू केल्या होत्या. भिंगरी सगळ्यांत धाकटी, त्यामुळे तिच्या वाट्याला उरलंसुरलं राज्य यायचं आणि तेही पाच मिनिटांत कुणीतरी जिंकून न्यायचं.

आज मात्र लढाई रंगायच्या आतच आत्या दालनात धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इराणच्या कपाटातली मुद्रा सापडत नव्हती.

मुद्रा म्हणजे बोटाच्या पेराएवढा दगडी रूळ. अडीच हजार वर्षांपूर्वी बादशहाच्या कुणा अधिकाऱ्याकडे तो असायचा. ओल्या मातीवर फिरवला की दोन सिंहांना मानगुटीला धरून उभा असलेला राजा उमटे. फिरवत राहिलं की पुन्हा राजा, पुन्हा सिंह. राजधानीपासून कितीही दूरच्या कोठाराच्या दारावर हे चित्र दिसलं, की आत हात घालायची कुणाची छाती होत नसे. सकाळी आत्याने तो रूळ ट्रेमध्ये कापसावर ठेवला होता आणि ती कपाटातला स्टँड पुसायला घेऊन गेली होती. परत येऊन बघते तो ट्रे भलत्याच कोपऱ्यात आणि त्यात नुसता कापूस.

संचालकसाहेबांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. इतकी मोलाची वस्तू उघड्यावर टाकून जातं का कुणी? संध्याकाळपर्यंत मुद्रा मिळाली नाही, तर उद्यापासून कामावर येऊ नका, असं त्यांनी बजावलं. आत्या नुसती पदराने हात पुसत राहिली, हात कोरडे असूनही.

ते पाहून तिघांनी लढाया गुंडाळल्या आणि शोध सुरू केला. टेबलांखाली रांगून झालं, केराच्या डब्यात हात घालून झाला. दादाने शिपाईकाकांच्या डब्यातही डोकावून पाहिलं आणि बोलणी खाल्ली.

भिंगरी दमून रोमच्या कपाटाला नाक लावून उभी राहिली. आत रोमन शिरस्त्राण होतं. काचवाल्या काकांनी आजच काच बसवलेली, तिला धरून ठेवणारी कडेची पुट्टी अजून मऊ. त्या मऊ पुट्टीत काहीतरी बारीक बारीक उमटलं होतं. भिंगरीने डोळे बारीक केले. एक माणूस, दोन्ही हातांत दोन सिंह. त्याच्या शेजारी तोच माणूस, तेच सिंह. काचेच्या चारी बाजूंनी त्यांची रांग लागली होती.

"दादा, इराणच्या राजाने रोम जिंकलंय," ती कुजबुजली.

"काहीही बरळू नकोस," असं म्हणत दादा आला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

चष्मिसने चष्मा शर्टाला पुसून पुन्हा लावला. काचवाल्या काकांनी पुट्टी दाबायला तोच रूळ फिरवला असणार! तिघं धावले. मंगोलांच्या कपाटावर राजा होता. तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यावरही होता. शेवटी ब्रिटिशांचं कपाट. तिथे मात्र राजा तीन बाजूंनी फिरला होता आणि चौथ्या बाजूला नुसते अंगठ्याचे ठसे.

"म्हणजे रूळ इथेच हातातून गेला," चष्मिस म्हणाला.

भिंगरीने कपाटाला हात टेकला आणि चमकली. काल याच कपाटाला टेकल्याबद्दल ओरडा बसला होता, कारण ते डुगडुगत होतं. आज ते ढिम्म हलेना. ती पालथी पडून खाली बघू लागली. मागच्या पायाखाली पुट्टीचा गोळा ठासला होता आणि गोळ्यातून काळ्या दगडाचं टोक डोकावत होतं.

एवढ्यात दालनाचं दार धाडकन उघडलं. चार हमाल लोखंडी तोफ उचलून आणत होते आणि पुढे साहेब हात हलवत होते, "चला, ब्रिटिशांच्या कपाटावर! सांभाळून!"

ही तोफ वर बसली, तर खालच्या दगडाचा भुगा. भिंगरी उठली नाही. तशीच कूस बदलून कपाटासमोर आडवी झाली.

"ए मुली, बाजूला हो."

"नाही होणार. तोफ खाली ठेवा आधी."

हमाल घामाघूम होऊन एकमेकांकडे बघू लागले. साहेब लालबुंद झाले. तेवढ्यात दादाने वाकून कपाटाच्या पायाखालचा गोळा दाखवला. तोफ जमिनीवर टेकली, कपाट उचललं गेलं आणि आत्याने गुडघ्यांवर बसून पुट्टीतून रूळ अलगद सोडवला. राजाला खरचटलंही नव्हतं.

काचवाल्या काकांना बोलावणं गेलं. ते बिचारे गोंधळून म्हणाले, "साहेब, नकाशा पसरायला तुम्हीच तो ट्रे माझ्या हत्यारांत सरकवलात. मला वाटलं, दगड मलाच दिलात. कामाला झकास होता."

दालनात सगळे साहेबांकडे बघू लागले. साहेबांनी घसा खाकरला. मग ते आत्यापुढे आले आणि चूक माझी, तुम्हाला बोललो ते मागे घेतो, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. भिंगरीच्या फ्रॉकवरची धूळ त्यांनी स्वतः झटकली.

"तोफेसमोर आडवं पडायला कुणी शिकवलं गं तुला? उद्या पाहुण्यांच्या आधी तुम्ही तिघं आत जाणार. समजलं?"

आत्याने रूळ मऊ ब्रशने साफ केला. तिने भिंगरीला जवळ घेतलं आणि रूळ तिच्या तळव्यावर ठेवला.

"माझ्या हाताचा आज भरवसा नाही, बाळा. तूच ठेव."

भिंगरीने श्वास रोखून राजाला त्याच्या स्टँडवर निजवलं. काचवाल्या काकांनी काच लावली, पुट्टी घेतली आणि कडेने दाबायला सुरुवात केली. या वेळी अंगठ्याने. आणि तो अंगठा शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर तिघांनी त्याच्यावरची नजर हटवली नाही.