उष्टी हळद आणि बेचाळीस किलोमीटर

बडोद्यात दोन अनोळखी मराठी माणसं रस्त्यात भेटली की हमखास गुजरातीत बोलतात. आमचंही तसंच झालं.

ऑगस्टमधला रविवार होता. रात्रभर पाऊस पडून गेलेला, आमच्या समा भागातले रस्ते ओलेचिंब, आणि मी धावून परत येत होते — केस कपाळाला चिकटलेले, बुटांत पाणी. एक स्कूटर माझ्याशेजारी थांबली.

"बेन, ओमकार सोसायटी क्यां आवी?"

"सीधा जाव, पछी डाबी बाजु. पाणीनी टांकीनी सामे."

त्याने मान हलवली, पण स्कूटर काही हलेना. माझ्या चिखलाळलेल्या बुटांकडे बघत त्याने विचारलं, "आटलुं दोडो छो... पाछळ कोई पड्युं छे?"

मागे कोणी लागलंय का म्हणे! लबाड.

"हजी सुधी तो नहीं," अजून तरी नाही, म्हणून मी पळाले. घर येईपर्यंत गालातलं हसू जाईना.

त्याच संध्याकाळी मला बघायला मंडळी येणार होती. बडोद्यातल्याच अकोट्याचं घर, पूर्वीच्या संस्थानी फौजेतलं घराणं. चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर आले, आणि समोर... तोच! फोटोत त्याला दाढी होती, म्हणून सकाळी ओळखलाच नाही. त्याच्या आत्याबाई वाट चुकू नयेत म्हणून हा सकाळीच आमचं घर शोधून गेला होता, आणि पत्ता मीच सांगितला होता. नाव राजवर्धन. शेजारी बसलेल्या संयोगिताआत्यांनी त्याला आईमागे वाढवलेलं. त्यांचा शब्द तो कधी मोडत नाही, असं त्यांनीच दोनदा सांगितलं.

आम्हाला बोलायला गॅलरीत पाठवलं.

"सकाळी तुम्ही मला बहीण म्हणालात," मी म्हटलं.

"चूक झाली. दुरुस्त करायला आलोय."

"माझी एक अट आहे. हिवाळ्यात मी मॅरेथॉन धावणार. पूर्ण. बेचाळीस किलोमीटर."

"मला दोन जिने चढले की धाप लागते," तो गंभीरपणे म्हणाला. "पण पाण्याची बाटली मी छान धरतो."

लग्न ठरलं.

आणि मग ते रविवार सुरू झाले... पहाटेच्या धुक्यात मी पुढे आणि मागून त्याची स्कूटर, संथ, घरंगळल्यासारखी. हँडलला लिंबूपाण्याची बाटली, खिशात खजूर. अकोट्याच्या पुलावर विश्वामित्री नदीतून वाफ उठायची. तो ओरडायचा, "जोरात पळ, मगर बघतेय!" मी हसायचे आणि माझा श्वास चुकायचा.

केळवणांची तर रांगच लागली होती. शनिवारी कुणाकडे तरी बासुंदी-पुरी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला पळायचं असायचं. यजमानीणबाई आत वळल्या की माझ्या ताटातली पुरी अलगद त्याच्या ताटात जायची. तो वर बघायचाही नाही. बोटाला बोट लागायचं तेवढंच. दोन महिन्यांत त्याला शेरवानी घट्ट झाली. मी मात्र त्या एका स्पर्शावर आठवडाभर तरंगत असायचे. मी प्रेमात पडले होते, अगदी सपशेल. आणि तो? तो सगळ्यांशीच इतका चांगला वागायचा की माझ्याशी वागतो ते प्रेम, की नुसता चांगुलपणा, तेच मला कळेना. विचारायची हिंमतही होईना.

मुहूर्त निघाला सोमवारचा. मॅरेथॉन आदल्या दिवशी, रविवारी. मी मनात म्हटलं, ठीक आहे, एक दिवस तरी आधी आहे की! पण याद्या करायला बसल्यावर आत्या म्हणाल्या, "आमच्याकडे हळद दोन दिवस आधी लागते. शनिवारी. आणि हळद लागलेली मुलगी लग्नापर्यंत उंबरा ओलांडत नाही."

मी राजवर्धनकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता.

"अगं, पुढच्या वर्षी पळ," माझी आई नेहमीच्या समजूतदार स्वरात म्हणाली. मी हो म्हटलं. म्हटलं खरं, पण त्या रात्री उशी ओली झाली. मॅरेथॉनसाठी नव्हे. त्याने एक शब्दही काढला नाही, यासाठी.

शनिवार उजाडला. संध्याकाळी आमचं अंगण बायकांनी भरलं. पाट मांडला, आंब्याची पानं आणली. आधी नवऱ्या मुलाला हळद लागते, मग त्यातलीच उरलेली, उष्टी हळद नवरीकडे येते. तोवर नवरीने थांबायचं. आम्ही थांबलो. सहा वाजले. सात वाजले. गाणी म्हणून झाली, पुन्हा म्हणून झाली. हळद येईना.

मग आत्यांचा फोन आला. आईचा चेहरा उतरला. "अवंती... अगं, मुलगा पाटावर बसायला तयार नाही म्हणतात."

म्हणजे त्याला लग्नच नकोय? इतक्यात माझा फोन वाजला.

"बूट कुठेत तुझे?" राजवर्धन विचारत होता.

"काय?"

"मला हळद लागली नाही, तर तुला लागणार नाही. तुला लागली नाही, तर उंबऱ्याची अडचण नाही. उद्या दुपारी बसेन मी पाटावर. झोप आता, पहाटे उठायचंय."

"आणि आत्या?"

"बोलत नाहीयेत माझ्याशी. पहिल्यांदाच."

रविवारी धुकं इतकं दाट होतं की पुढचा माणूसही दिसेना. मी स्वप्नात पळाल्यासारखी पळत होते. पण छत्तिसाव्या किलोमीटरला, अकोट्याच्या पुलावर, पाय दगड झाले. आणि पुलाच्या कठड्याशी तो उभा! आज स्कूटर नव्हती. त्याने बाटली माझ्या हातात दिली आणि माझ्याबरोबर चक्क पळू लागला — घट्ट झालेल्या कुर्त्यात आणि कोल्हापुरी चपलांत.

"का केलंस हे?" मी विचारलं.

"थांब... सांगतो..."

"थांबायचं नसतं!"

"अगं... मी... तुला..." पुढे नुसती धाप.

"चांगुलपणा म्हणून केलंस?"

त्याने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. मग बिचारा गुडघ्यांवर हात टेकून थांबला. मी पुढे गेले. धुक्यात तो दिसेनासा झाला, आणि मागून आवाज आला, पूल दणाणून टाकणारा —

"अवंती! प्रेम आहे माझं तुझ्यावर! पत्ता विचारला त्या दिवसापासून!"

शेजारून पळणारे एक काका हसत म्हणाले, "बेन, बिचाराने जवाब तो आपो!"

बिचाऱ्याला उत्तर तरी द्या म्हणे! मी वळले. उलटं पळत, होता नव्हता तो सगळा श्वास गोळा करून ओरडले, "माझंही! कधीचं!"

पुढचं अंतर कसं संपलं मला आठवत नाही. गळ्यात पदक पडलं तेव्हा मी रडत होते, एवढं मात्र आठवतं.

दुपारी उष्टी हळद आली. वाटी घेऊन आत्या स्वतः आल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. मी पाटावर बसताना कण्हले, तशा त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि कपाळाआधी माझ्या सुजलेल्या पावलांना हळद लावू लागल्या. हलक्या हाताने, बराच वेळ.

"फार दुखतंय का गं?"

"हो आत्या."

"त्याचेही पाय दुखतायत. अर्धा मैल पळाला आणि पाटावर बसताना ओय ओय करत होता गाढव." त्यांनी मान वर केली नाही. "मला नाही म्हणाला तो. आयुष्यात पहिल्यांदा. मी रात्रभर रडले... आणि सकाळी वाटलं, चला, ज्याच्यासाठी माझा शब्द मोडेल असं माणूस मिळालं एकदाचं याला."

मग त्यांनी माझ्या कपाळाला, गालांना हळद लावली. मी वाकून त्यांच्या गळ्यात पडले, तशी माझी हळद त्यांच्या गालाला लागली. त्यांनी ती पुसली नाही.