डोंगराचे कान

बाळांनो, डोळे मिटा आणि एक डोंगर मनात उभा करा. या डोंगराला कान आहेत. कातळात ठोकलेले खिळेच ते, पण आतली माती तसूभर सरकली तरी त्यांना कळतं. प्रत्येक कानाची वायर शाळेतल्या एका पेटीत येते. तिला स्विच म्हणतात. ती सगळ्यांचं ऐकते आणि संगणकाला सांगते.

भैरमाळच्या धनगरवाड्यावर त्या पेटीची वायरी खोचायची सगळी भोकं भरली आणि खालची वाडी कानांवाचून राहिली. कान नसतील तर दरडीच्या धोक्यामुळे पावसाळ्यात वाडी रिकामी करा, असं तालुक्याहून बजावलं होतं.

"आणि मेंढरं कुठं ठेवू? डोक्यावर?" शाळेतल्या बानू कोकरेची आत्या कडाडली. आत्याचं घर त्याच वाडीत होतं.

मग हे कान बसवणाऱ्या मुलाणी मॅडम आणखी तीन पेट्या घेऊन आल्या. "चारही जोडल्या की संगणकाला एकच मोठी पेटी दिसेल," त्यांनी बानूला समजावलं. "एक मुख्य, बाकीच्या तिच्या हुकमात. प्रत्येक कानाच्या आणि संगणकाच्याही दोन-दोन वायरी, वेगवेगळ्या पेट्यांत. एक बंद पडली तर दुसरी आहेच."

जोडणी बानूने केली, अगदी मन लावून. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, तिसरी चौथीला.

चाचणी बघायला सगळा वाडा जमला. मॅडमनी मधली एक पेटी बंद केली. पडद्यावर दर कानाचा एक हिरवा ठिपका होता, त्यांतले कितीतरी विझले.

"बांधा गं बोचकी!" आत्या म्हणाली.

बानूचा चेहरा उतरला. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "बानू, तू मेंढरांची रांग लावलीस. मधलं मेंढरू बसलं, की मागची अडकली. तुमच्या गजीनाचात काय असतं?"

"फेर..." बानू पुटपुटली आणि एकदम उठली. तिने शेवटची पेटी पहिलीला जोडली. आता एक वाट तुटली, तरी निरोप उलट्या बाजूने फिरून येणार होता. मॅडमनी मधली पेटी सुरू करून पुन्हा बंद केली. एकही ठिपका विझला नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"थांबा!" आत्या पुढे आली. "ती मुख्य पेटीच मेली तर?"

मॅडमनी मधली पेटी पुन्हा सुरू केली आणि बानूकडे पाहिलं. बानूने सरळ मुख्य पेटीची विजेची पिन उपसली.

सगळ्यांचे डोळे पडद्याकडे वळले. सगळे ठिपके हिरवेच राहिले; उरलेल्या तिघींपैकी एक पेटी आपोआप मुख्य झाली होती.

पिन उंच धरून बानू वळली. "आत्या, ओळख बघू, आता कुठली पेटी बोलतेय?"