पानाचं झाकण

"एक, दोन, तीन, चार!" फाटकातून आत शिरल्या शिरल्या मोजूने माणसं मोजली.

"कोणी हरवलं का गं?" भोंगा ओरडला. तो बोलायचा म्हणजे ओरडायचाच. "अजून तिकिटं खिशात गेली नाहीत!"

"हरवल्यावर मोजून काय उपयोग?" मोजू म्हणाली.

मोजू बारा वर्षांची. दिसेल ते मोजायची तिला खोड. जिने, फरश्या, काकूंचे सुस्कारे, काहीही. भोंगा तिचा चुलतभाऊ, अकरा वर्षांचा. चिमणी ही त्याची सात वर्षांची बहीण, आणि चौथ्या काकू, म्हणजे या दोघांची आई. करमणूक उद्यानातला हा सुट्टीचा दिवस महिनाभर आधी ठरला होता आणि त्यातला निम्मा महिना काकूंनी एकाच प्रश्नावर घालवला होता. चिमणीने खायचं काय?

कारण चिमणीला दूध चालत नसे. चालत नसे म्हणजे आवडत नसे असं नव्हे. दुधाचा थेंब, लोण्याचा कण, चीजचा नुसता चमचा जरी जेवणाला लागला तरी तिचा घसा आतून सुजू लागे. दोन वर्षांपूर्वी एका बिस्किटाने तिला तीन दिवस दवाखान्यात झोपवलं होतं. तेव्हापासून काकू 'व्हीगन', म्हणजे दूधदुभतं अजिबात नसलेलं, असं लिहिलेलंच अन्न तिला देत, आणि एका लाल थैलीत तयार इंजेक्शन घेऊन हिंडत.

उद्यानाच्या नकाशावर मात्र पाच हिरवी पानं छापलेली होती. पान दिसेल तिथे व्हीगन जेवण मिळेल, असं खाली लिहिलं होतं. काकू नकाशा बघून खूश झाल्या. ती खुशी पहिल्या पानापर्यंत टिकली.

पहिल्या पानापाशी कुलूप होतं. दुसऱ्या पानापाशी फुगे विकत होते. तिसऱ्या पानाचा आचारी म्हणाला, "देतो ना ताई! चीज घालतो आणि वरून काढून टाकतो!" चौथ्या पानापाशी बसलेल्या गृहस्थांना ते पान कशाचं आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांना ते झाडांबद्दलचं वाटत होतं.

एव्हाना साडेबारा वाजले होते. आभाळ खाली आलं होतं आणि वारा एकदम पडला होता. राहिलं होतं पाचवं पान, तळ्याकाठी, भूतबंगल्याच्या खाली.

भूतबंगल्यावर एक राक्षसाचं डोकं होतं, तीन मजली. त्याचं तोंड उघडं आणि तळ्याकडे वळलेलं. दर दहा मिनिटांनी ते तोंड हसायचं, आणि तळ्यातली बदकं दर दहा मिनिटांनी उडायची.

"मला नाही आवडत हे डोकं," चिमणी मोजूला चिकटून म्हणाली.

"मलाही नाही," मोजू म्हणाली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

त्या डोक्याच्या हनुवटीखाली पास्त्याची खिडकी होती. रांग लांबलचक. पण काकूंनी 'व्हीगन' म्हणताच खिडकीतून दोन डबे बाहेर आले! झाकणांवर हिरवी पानं.

"इतक्या लवकर?" मोजू पुटपुटली.

"दूध नाही ना यात? चीज, लोणी, काहीच नाही ना?" काकूंनी विचारलं.

"ताई, झाकणावर पान आहे ना!" खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "मग झालं तर!"

काकू दमल्या होत्या. चिमणी भुकेने रडकुंडीला आली होती. तेवढ्यात धक्क्यावरून नाववाला ओरडला, "बेटावर कोण? आठ वर्षांखालची मुलं आणि सोबत एक मोठं! शेवटच्या दोन जागा! जेवायची बाकं बेटावर आहेत, नावेत खायचं नाही!"

"पिशवी इथेच ठेवा," तो काकूंना म्हणाला. "आणि ती थैली? सुई आहे? छे छे! नाव रबराची आहे, बाई!"

काकू थबकल्या. डब्यावरच्या पानाकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग पिशवी, आतल्या फोनसकट, त्यांनी भोंग्याकडे दिली आणि लाल थैली मोजूच्या हातात. "सांभाळ. अर्ध्या तासात येतोच आम्ही. पान आहे, म्हणजे भीती नाही."

नाव निघाली. चिमणीची पिवळी टोपी लहान लहान होत गेली.

"चला!" भोंगा हात चोळत म्हणाला. "आज मी चीजवाला पास्ता खाणार! घरी चीजचं नाव काढलं तरी आई खिडक्या उघडते!"

ते रांगेत उभे राहिले. इतक्यात एक लठ्ठ गृहस्थ डबा घेऊन परत आले. "अहो, यात चीज कुठाय? नुसता नारळ लागतोय!"

बाईंनी निमूटपणे डबा बदलून दिला. चेहऱ्यावरून त्यांना त्याची सवय असावी असं दिसत होतं.

मोजू मोजू लागली. सवयच ती. एक जण डबा घेऊन गेला, दुसरा गेला. तिसरा, चौथी, पाचवी, सहावा, सातवी, आठवा. आठही जण जागेवर बसून मुकाट्याने जेवू लागले. नववा होता भोंगा.

"शी! चीजच नाही!" भोंग्याचा आवाज तळ्यापर्यंत गेला. "नारळाचं दूध घातलंय! फसवलं!"

"थांब. एक घास दे," मोजू म्हणाली. तिने चव घेतली आणि चमचा खाली ठेवला. "भोंग्या, नारळाच्या दुधाचा पास्ता कोणासाठी करतात?"

"व्हीगन लोकांसाठी. चिमणीसाठी."

"मग तो साध्या झाकणाखाली काय करतोय? आणि पानाच्या झाकणाखाली काय असेल?"

भोंग्याने डबा बाकावर आदळला आणि दोघं खिडकीकडे धावले.

बाजूचं दार उघडं होतं. दोघं वाकून आत बघू लागले. एक बाई डबे भरत होत्या. नऊ पळ्या मोठ्या पातेल्यातून, दहावी छोट्या पातेल्यातून. दोन्हींतला पास्ता दिसायला सारखाच पांढरा. त्यांच्या पाठीला पाठ लावून एक मावशी झाकणं लावत होत्या. झाकणांचा छातीएवढा मनोरा शेजारी उभा होता, आणि त्यात दर दहावं झाकण पानाचं होतं.

"मावशी, हे असं का रचलंय?" मोजूने विचारलं.

"साहेबांनी शोधून काढलंय बाई! दहात एक माणूस व्हीगन असतो म्हणे. म्हणून आदल्या दिवशीच झाकणं रचून ठेवायची. दहावी पळी, दहावं झाकण. डोकं चालवायला नको!"

डोकं खरोखरच चालत नव्हतं. भरणारी पातेल्याकडे बघत होती, लावणारी मनोऱ्याकडे. डब्यात काय आहे आणि झाकणावर काय आहे, हे दोन्ही एका वेळी बघणारं माणूस त्या खोलीत नव्हतं.

मोजूने फरशीवर नजर फिरवली. मेजाच्या पायाशी एक साधं झाकण पडलं होतं. तुडवून तुडवून काळं झालेलं.

"मावशी, हे कधी पडलं?"

"ते होय? सकाळीच. पहिल्या मनोऱ्यातलं. एका झाकणाने काय होतंय?"

"सगळं एकाने पुढे सरकलंय!" मोजू किंचाळली. "सकाळपासून पान नवव्या डब्यावर बसतंय! चीजच्या डब्यावर! आणि दहावा डबा साधा म्हणून जातोय!"

"पण मग पानवाल्यांनी तक्रार केली असती की!" मावशी म्हणाल्या.

पानवाल्यांनी तक्रार केली नव्हती. त्यांना पास्ता आज फारच चविष्ट लागत होता.

साहेब शेजारच्याच खोलीत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ही पद्धत तीन वर्षं चालू आहे," ते म्हणाले. "तक्रार असेल तर हा अर्ज भरा. दोन प्रती."

"माझी बहीण मरेल!" भोंगा ओरडला.

"आवाज खाली! लोक घाबरतील! लोकांना घाबरवायची जागा वर आहे, इथे नाही."

"बेटावर निरोप तरी पाठवा! वायरलेस असेल ना?" मोजू म्हणाली.

"आहे. चार्जिंगला लावलाय. पुढची नाव वीस मिनिटांनी जाईल."

मोजूने खिडकीबाहेर पाहिलं. नाव बेटाला टेकत होती. लाल थैली तिच्या मुठीत होती, आणि जिला ती लागणार होती ती पाण्यापलीकडे. मग तिची नजर वर गेली. ते प्रचंड, काळं, तळ्याकडे वळलेलं तोंड!

"भोंग्या, वर! साहेबांनीच जागा सांगितली!"

"ए! थांबा!" साहेब मागे धावले.

भूतबंगल्याचे जिने अंधारे आणि ओले होते. भिंतीतून हात बाहेर येत होते. एरवी मोजूने ते मोजले असते. आज तिने फक्त पायऱ्या मोजल्या, चौऱ्याण्णव, आणि शेवटचं दार ढकललं.

आत सांगाड्याचा पोशाख घातलेला माणूस कवटी मांडीवर ठेवून केळं खात होता. समोर मायक्रोफोन. मोजूने एका दमात सगळं सांगितलं.

सांगाडा उठून उभा राहिला. "पण पोरींनो... म्हणजे पोरांनो, या मायक्रोफोनवरून फक्त लोकांना घाबरवायचं, असा नियम आहे."

"मग आम्हाला तेच करायचंय!" मोजू म्हणाली.

सांगाड्याने क्षणभर विचार केला. दाराला आतून कडी घातली. साहेब बाहेर येऊन थडकले आणि दार वाजवू लागले. सांगाड्याने बटण दाबलं, आणि त्याचा चेहरा पडला. "अरे देवा! आधी हसणं वाजतं. ते संपेपर्यंत माईक सुरू होत नाही. वीस सेकंद!"

राक्षस हसू लागला. भिंती थरथरल्या. राक्षसाच्या दातांमधून बेट दिसत होतं. एका बाकावर पिवळी टोपी. शेजारी काकू. काकू दोन्ही डबे उघडत होत्या.

"अकरा, बारा, तेरा..." मोजूचे ओठ हलत होते. पिवळी टोपी डब्यावर वाकली. "सतरा, अठरा..."

हसणं थांबलं. बदकं उडाली.

"आईऽऽऽ!" भोंग्याने जन्मभर साठवलेला आवाज काढला. "चिमणीला खाऊ देऊ नकोस! डब्यात चीज आहे! पान खोटं आहे! ज्यांच्या झाकणावर पान आहे, त्यांनी कोणीही खाऊ नका!"

उद्यानात टाळ्या पडल्या. लोकांना नवा खेळ वाटला. पण पानवाले डबे जिथल्या तिथे थांबले. आणि बेटावर काकूंचा हात उठला, खाली आला, आणि चिमणीच्या हातातला चमचा उडून तळ्यात पडला.

 मोजूने मुठीतली थैली सोडली तेव्हा तिची बोटं दुखत होती.

खाली उतरल्यावर मुख्य आचाऱ्याने पानाचे उरलेले डबे एकेक करून उघडले. प्रत्येकातून चीजच्या तारा निघाल्या. साहेबांचा रंग पातेल्यातल्या पास्त्यासारखा झाला. त्यांनी खिडकी बंद करायला लावली, मनोरा पाडला, आणि तीन माणसांना पानवाल्या गिऱ्हाइकांना शोधायला पिटाळलं. दोघांना मळमळत होतं, बाकी ठीक होते. मग ते मोजूपुढे येऊन उभे राहिले.

"शाबास मुली. चूक माझी. पहिल्यांदा ऐकायला हवं होतं," ते म्हणाले, आणि खिशातून एक कुपन काढलं. "चौघांना मोफत जेवण!"

कुपनावर हिरवं पान होतं. काकूंनी ते दोन बोटांनी धरून परत केलं.

"मला भूक लागलीये!" चिमणी रडवेल्या आवाजात म्हणाली. "घास तोंडापाशी होता, आणि आईने उडवला!"

सांगाड्याने आपला डबा पुढे केला. केळी, भाजलेले शेंगदाणे, संत्री. "सगळं सालासकट आहे, काकू. बघून घ्या. मी रोज घरून आणतो."

"इथे काम करून?" भोंग्याने विचारलं.

"इथे काम करतो म्हणूनच," सांगाडा म्हणाला.

काकूंनी मोजूला जवळ ओढलं.  म्हणाल्या, "तुझ्या मोजण्याला यापुढे कोणी हसलं, तर माझ्याशी गाठ आहे. आणि भोंग्या, तुला मी हजार वेळा हळू बोल म्हणाले. एवढी एक वेळ सोडून."

फाटकापाशी भोंगाच थांबला. "काय गं, मोजणार नाहीस?"

"एक, दोन, तीन, चार," मोजू म्हणाली. चिमणीच्या पिवळ्या टोपीवर तिने हात ठेवला आणि पुन्हा एकदा सुरुवात केली. "एक..."

या वेळी कोणी हसलं नाही. सगळे मोजून होईपर्यंत उभे राहिले.