माणिकरावांच्या कूलरनं पळवलेला सिनेमा

"फाईल गेली म्हंजे गेली! कमांड दिली, शंभर टक्के झालं. आता मला काहून इचारून राहिली?" वाचनालयाची संगणक खोली सांभाळणारे सोमेश्वरकाका खेकसले.

नीलांबरीचं डोकं हळद शिजवायच्या कढईपेक्षा जास्त तापलं! चार वाजता कुरुंद्याच्या वाचनालयाच्या सभागृहात मुलांच्या सिनेमा स्पर्धेसाठी हिंगोलीचे परीक्षक येणार होते. सुट्टीतले तीन आठवडे ती, बंडू आणि गुंजन उन्हात राबले होते. त्यांनी काढलेला हळदीचा सिनेमा सभागृहातल्या कॉम्प्युटरवर नव्हताच! वर काकांनी संगणक खोलीतली मूळ फाईल 'जागा अडते' म्हणून पुसून टाकलेली. साडेतीन वाजले होते!

"पेन ड्राइव्हवर द्या म्हटलं होतं आम्ही," गुंजन रडकुंडीला आली.

"त्यातून व्हायरस येतो!" व्हायरसचा इतका धसका, की काकांनी सगळ्या कॉम्प्युटरच्या पेन ड्राइव्हच्या फटींत खिडकीच्या काचांना लावायची लांबी भरली होती. फाईल पाठवायची ती नेटवर्कवरून, कमांड देऊनच.

नीलांबरीनं कालची कमांड पडद्यावर आणली. "काका, नेटवर्कच्या पत्त्यातला शेवटचा पाच म्हणजे सभागृहाचा कॉम्प्युटर ना?"

"व्हय. महिनाभर तोच हाय."

"मग काल मशीननं बजावलं नाही, की समोरचं यंत्र वेगळंच आहे म्हणून?"

"लय कटकट करायचं! ती सूचनाच बंद केली मी. अन् पासवर्ड बी समद्यांना एकच. डोक्याला तकलीफ न्हाई!"

नीलांबरीनं दातओठ खाल्ले. तेवढ्यात बंडू धापा टाकत आला.

"ऑफिसात माणिकराव बोंबलून राहिलेत! कालपासून त्यांच्या कॉम्प्युटरात जागाच नाही. मोठमोठ्या फायली पुसायला बसलेत!"

तिघं धावली. वाचनालयाचे लिपिक माणिकराव हत्तीच्या पिल्लाएवढ्या नव्या कूलरसमोर बसले होते.

"काका, काल राऊटर बंद केला होता?"

"कूलरला प्लग नगं का? राऊटरची पिन काढून त्याची लावली. नेट गेलं म्हून समदे वरडले, मंग राऊटर लावला परत."

राऊटर पुन्हा सुरू झाला आणि त्यानं पत्ते नव्यानं वाटले! सभागृहाचा पाच माणिकरावांना मिळाला, आणि सिनेमा त्यांच्याच कॉम्प्युटरात येऊन पडला!

"काका, ती मोठी फाईल आमची आहे! पुसू नका!"

"कशावरून? मशीनला हात लावायचा न्हाई, पोरी. मी नियमानं चालणारा माणूस!" त्यांनी माऊस पकडला.

नीलांबरीनं बंडूला चिमटा काढला.

"काका," बंडू म्हणाला, "एवढा कूलर हिंगोलीहून एसटीत घातला कसा तुम्ही?"

झालं! माणिकरावांनी माऊस सोडला. दोन्ही हातांशिवाय त्यांना गोष्ट सांगताच यायची नाही.

नीलांबरी सभागृहात पळाली. आता कमांड उलटी: पाच नंबरवरून फाईल इकडं ओढायची! सगळ्यांना एकच पासवर्ड, तो आज कामी आला. ऑफिसातली गोष्ट कुठवर आली ते ओरडून सांगायला गुंजन व्हरांड्यात उभी राहिली.

"कूलर औंढ्याला पोचला!"

"फाईल चाळीस टक्के! बोलत ठेव म्हणावं!"

"कंडक्टरशी भांडण लागलं!"

"ऐंशी!"

"कुरुंद्याला उतरला! माऊस धरला!"

"शंभर!"

पण नीलांबरी काकांसारखी शंभरावर भाळली नाही. तिनं दोन्हीकडच्या फायलींचा आकार ताडून पाहिला, सिनेमा चालवून पाहिला, मगच श्वास सोडला.

सिनेमा संपल्यावर परीक्षक पुनमताई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "मुलांनो, पहिला नंबर तुमचाच!"

"मीच पाठवली होती फाईल," सोमेश्वरकाका म्हणाले.

"अन् मीच सांभाळली!" माणिकराव म्हणाले.

नीलांबरीनं कपाळावर हात मारला. वाचनालयाच्या अध्यक्ष द्वारकाबाईंनी मात्र तिची पाठ थोपटली. "शाब्बास लेकरांनो! अन् तुमी दोघं, उद्या सकाळी आठला हिच्याकडं शिकायला बसा."

"उद्या? उद्या तर आमची सुट्टी!" दोघे कळवळले.

"आमचीपण!" तिघं एकदम ओरडली.