रथाच्या दोराचा पीळ

"सर, तुम्ही हा दोर उकलून पाहिलाच नाहीत आणि सही ठोकलीत."

बारा वर्षांची हरिणी देवळाच्या आवारात रथाची तपासणी करणाऱ्या साहेबांसमोर उभी होती. तमिळनाडूतल्या ओरत्तनाडुजवळच्या त्या गावात उद्या रथ निघणार होता. चाकाखाली लाकडी ठोकळे सारून रथ थांबवायचं काम तिच्या अप्पांचं. चढावर दोर तुटला, रथ मागे आला, तर चाकाखाली पहिले तेच सापडणार.

हे निघालं सुट्टीच्या अभ्यासातून. आपल्याकडून इंग्रजीत गेलेला एक छोटा शब्द शोधायचा, त्याचा अर्थ आणि मूळ लिहायचं, नमुना वहीत चिकटवायचा. हरिणीने 'कॉयर' निवडला होता.

"कॉयर म्हणजे काथ्या. झालं, चल खेळायला," धाकटा भाऊ कार्तिकेय म्हणाला.

"मूळ मल्याळम शब्द कयर, आपल्या तमिळमध्ये कयिरु. म्हणजे पिळलेला दोर. गोऱ्यांनी दोराचं नाव नेलं आणि नुसत्या काथ्याला लावलं."

"परत मागू या. तू पत्र लिही, मी सही करतो."

"तुझी सही तुलाच वाचता येत नाही."

नमुन्यासाठी दोघांनी रथाच्या नव्या दोराचं टोक उलटं पिळून सैल केलं. वरचे पेड सोनेरी होते. आतले काळे. बोटांत धरले तर भुगा झाला.

दोर वळणाऱ्या वाणी अक्कांनी तो भुगा हुंगला. "जुन्या दोरावर नवे पेड चढवलेत. पीळ सोडल्याशिवाय कळायचं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं सोडायला?"

"डिक्शनरीने," कार्तिकेय म्हणाला.

मग दोघं साहेबांकडे आले होते. हरिणीचं ऐकून साहेबांनी कागद पुढे धरला. "नवा दोर, मजबूत. खाली माझी सही. जा, खेळा."

"खेळतोच, सर. याच दोराने रस्सीखेच," कार्तिकेय म्हणाला. "तुम्ही सगळ्यांत पुढे. फोटो छान येईल."

फोटो म्हटल्यावर साहेबांनी बाह्या सरसावल्या. दोन्हीकडे वीस-वीस माणसं लागली. तिसऱ्या हिसक्याला दोर मधोमध तुटला. साहेब धुळीत बसले.

कुणी हसलं नाही. अप्पांनी तुटलेलं टोक उचललं आणि दोन्ही मुलांना जवळ ओढलं.

"आम्ही चाळीस जण रोज हा दोर ओलांडून ये-जा करत होतो," वाणी अक्का म्हणाल्या. "पाहिलं या दोघांनी."

साहेबांनी पँट झटकली. "चौकशी करू."

"ती नंतर करा, सर," हरिणी म्हणाली. "रथ उद्या नऊला निघतो. चांगला दोर किती वाजता आणताय? वेळ सांगा."